गिळलेला बोल

सिद्धम्मा : नको म्हणले ना पाणी. तांब्या तिकडं ठिवा, आप्पा.

गुरुलिंग : अगं, आठ कोस उन्हात चालून आलीस. ओठ फुटलेत तुझे. एक घोट घे माय, मग काय इचारायचं ते इचार.

सिद्धम्मा : कुठलं पाणी हाय हे?

गुरुलिंग : देवाच्या बारवेचं. सिद्धलिंगाच्या. लई गार असतंय.

सिद्धम्मा : मग तर नकोच. ह्या पाण्यापायी माझा नवरा तुमच्या गावात आला, आन् ह्या मातीखाली बसला. म्या येताना ओढ्यात प्याले. ह्या मास्तरांच्या झिऱ्यावर.

गुरुलिंग : झिऱ्यावर? म्हारवाड्याच्या? बलभीमा, वाण्याच्या बाईला तू तुझ्या हातानं...

बलभीम : त्यांनी मागितलं, मी दिलं. वाळूत उकरलेला खड्डा आहे आप्पा, पाणी गढूळ असतं. पण वेशीबाहेरचं आहे आणि आमचं आहे. ते प्यायला पाटलाची परवानगी लागत नाही.

सिद्धम्मा : ऱ्हाऊ द्या ते. हीच जागा ना? ह्या चिंचेखालची?

गुरुलिंग : व्हय. माझंच शेत. इथंच बसवलंय शरणप्पास्नी. लिंग डाव्या हातात दिलं, इभूत लावली, बेल घातला. म्या आन् माझा बसवराज, दोघांनीच.

सिद्धम्मा : दोघांनीच? आन् जंगम?

गुरुलिंग : आता काय सांगू तुला...

सिद्धम्मा : आप्पा, जंगमानं डोस्क्यावर पाय ठिवल्याबिगर मेलेल्याला मुक्ती न्हाय. मातीत बसवताना त्याच्या डोस्क्यावर पाय कुणी ठिवला?

गुरुलिंग : कुणी न्हाय. शांतलिंगय्या स्वामींच्या म्या हातापाया पडलो. ते म्हनले, देवाचा नेम मोडून मेलेल्याला म्या पाय देत न्हाय.

सिद्धम्मा : अय्यो शिवा! पाय न्हाय, मंत्र न्हाय. कुत्र्यागत पुरलात की हो माझ्या माणसाला!

गुरुलिंग : कुत्र्यागत न्हाय गं. माझ्या सोताच्या खड्ड्यात बसवलाय. म्या माझ्यासाठी खणून, दगड लावून ठिवला व्हता, दोन सालामागं.

सिद्धम्मा : तुमचा खड्डा त्याला कशापायी? तुमी कोण त्याचे?

गुरुलिंग : कोण न्हाय.

सिद्धम्मा : कोण न्हाय, आन् सोताचा खड्डा दिलात? बरं. म्या भांडायला न्हाय आले. मला एकच गोष्ट कळाया पाहिजे. एकवीस दिस झाले, आमच्या गावात एकच बोलणं चाललंय. शरणप्पा वाणी देवाचा निरोप घिऊन मोठ्या तोऱ्यात गेला, आन् सांजच्याला पोटासाठी नेम मोडला, म्हून नागानं धरला. माझ्या दाराला कुणी येत न्हाय. मठातला दिवा लावायचं काम आमचं व्हतं, ते बी काढून घेतलं. लोकांचं सोडा. मला इचारायचंय, त्यानं खाल्लं का? त्याला भूक निघत न्हवती का? तीन-तीन दिस लिंगपूजेवर काढणारा माणूस तो.

बलभीम : अक्का, तुम्हाला त्या दिवशीचं सगळं ठाऊक नाही का?

सिद्धम्मा : कोण सांगणार? मला कळालं तवा तो मातीत बसला व्हता. मग निजाम सरकारचा पोलीस अमीन आमच्या गावाला आला, कागुद केला, सापानं मेला, कुणावर संशय न्हाय. उर्दूत लिवलेलं, म्या अंगठा उठवला. तुमी व्हता ना तिथं? तुमी सांगा.

बलभीम : होतो. पाडव्यानंतरचा सोमवार, जत्रेचा दिवस. बारवेच्या तोंडाला कवाड बसवून कुलूप घातलं त्याला महिना झाला होता. त्याआधी आमच्या बायका सकाळपासून घागरी घेऊन वर उभ्या राहायच्या, कुणी दया येऊन ओतलं तर पाणी. कवाड आल्यावर तेही संपलं. पाटील म्हणाले, देवाचं पाणी कमी झालंय, बाटवायचं नाही. तेवढ्यात शरणप्पा आले. खांद्याला गाठोडं, अनवाणी. बारवेच्या पायरीवर उभे राहिले आणि सगळ्या गावापुढं बोलले.

सिद्धम्मा : काय बोलला? त्याचेच शब्द सांगा.

बलभीम : म्हणाले, "सिद्धलिंगानं मला तीन सकाळी सांगितलंय. बारव समद्यांना मोकळी करा. न्हायतर ती आटंल, आन् हिच्या पायऱ्या हिच्यातच ढासळतील. मला आणखी हुकूम हाय, ह्या गावच्या वेशीच्या आत अन्न घ्यायचं न्हाय, पाणी घ्यायचं न्हाय, आन् आल्या वाटेनं परत जायचं न्हाय." आवाज मोठा नव्हता, पण जत्रेतले ढोल थांबले होते. आण्णासाहेब पाटलांनी स्वतः गुळाचं पाणी पुढं केलं, बसा म्हणाले, जेवून जा. शरणप्पांनी हात जोडले आणि उतरून चालू लागले. अक्का, पाटलांनी कमरेची किल्ली हातात घेतली होती. मी पाहिली. "उद्या बघू," असं म्हणाले ते. उद्या. तेवढ्यासाठी आमच्या वस्तीतली माणसं रात्रभर जागी होती.

सिद्धम्मा : आन् मग?

बलभीम : सकाळी कळलं की शरणप्पा गुरुलिंग आप्पांच्या ओसरीवर जेवले. पोटभर जेवले, पाणी प्याले, आल्या वाटेनंच गेले आणि खिंडीत नाग चावला. पाटील हसले. किल्ली परत कमरेला. ज्याचा हुकूम त्यालाच दिवसभर पाळता आला नाही, तो आम्हाला काय सांगतो, म्हणाले. आम्ही तोंडात मारल्यासारखे घरी आलो.

सिद्धम्मा : तुमच्या ओसरीवर, आप्पा?

गुरुलिंग : व्हय.

सिद्धम्मा : बोलवायला तुमीच गेलात?

गुरुलिंग : ...व्हय.

सिद्धम्मा : त्याचं गाठोडं कुठाय?

गुरुलिंग : हाय. म्या जपून ठिवलंय. ह्या ढोलीत. हे बघ.

सिद्धम्मा : थांबा, सोडू नका! द्या इकडं. ही माझी गाठ हाय. तीन येढ्याची. म्या मारलेली.

बलभीम : काय आहे आत?

सिद्धम्मा : कडक भाकरी. आन् शेंगाची चटणी. सहा भाकरी बांधल्या व्हत्या. म्हणले, वेशीबाहेर पडला की झाडाखाली बसून खा. ती महिनाभर टिकते, मास्तर. बघा की, वाजतेय अजून. एक बी मोडली न्हाय. गाठच सोडली न्हाय त्यानं! ह्याच्या खांद्यावर सहा भाकरी व्हत्या, आन् लोक म्हनतात पोटासाठी मोडलं?

बलभीम : म्हणजे भूक नव्हती...

सिद्धम्मा : भूक असती तर हे खाल्लं असतं. वेशीबाहेर खायला त्याला कोण अडवत व्हतं? आप्पा, तोंड वर करा. तुमी काय सांगितलं त्याला?

गुरुलिंग : माय, मला मार.

सिद्धम्मा : मारून मला काय मिळंल? सांगा.

गुरुलिंग : ह्याच चिंचेखाली बसला व्हता. वेशीच्या भाईर. ओढ्याकडं निघाला व्हता. म्या पळत आलो मागनं. म्हणलं, तुमीच का ते, बारवेवर बोललेले? म्हनला, व्हय. म्हणलं, घरी चला, घासभर खा. म्हनला, हुकूम न्हाय. तवा म्या...

सिद्धम्मा : तवा?

गुरुलिंग : म्या म्हणलं, मी बी तुमच्यासारखाच हाय. ह्या गावची भाकणूक मीच सांगतो, पाच पिढ्या आमच्या घरात हाय. आन् आत्ताच माझ्या अंगात येऊन देव बोलला, त्याला माघारी घिऊन ये, जेवू घाल, नेम उठवलाय. अन्नाचा बी, वाटेचा बी.

सिद्धम्मा : देव बोलला व्हता?

गुरुलिंग : न्हाय.

बलभीम : आप्पा!

गुरुलिंग : न्हाय रे बाबा, न्हाय! खोटं व्हतं. साफ खोटं.

बलभीम : मी झिऱ्यावर तांब्या भरून बसलो होतो. त्यांनीच बारवेवरनं उतरताना सांगितलं होतं, वेशीबाहेर तुमच्याकडं पाणी पितो. दिवस बुडेपर्यंत बसलो. मला वाटलं, आमच्या हातचं नको झालं असेल. एकवीस दिवस मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देतोय, आप्पा!

सिद्धम्मा : कशापायी? त्यानं तुमचं काय केलं व्हतं? पाटलानं सांगितलं व्हतं का?

गुरुलिंग : पाटलाचं नाव घिऊ नको, हे माझंच. कसं सांगू. भाकणुकीला उभा ऱ्हायलो की पूर्वी मला ऐकू यायचं. खरंच यायचं, शिवाशपथ. पाऊस कवा, रोग कुठनं, समदं. जर्मनच्या लढाईच्या आधीपासनं ते बंद झालं. नऊ जत्रा झाल्या. म्या मनानंच सांगतोय. जोंधळा बरा, पाऊस मध्यम, गुरांना जपा. कुणाला कळतंय? लोक पाया पडतात. म्या घरी जाऊन भिताडाला डोकं आपटतो. आन् त्या दिवशी त्यो बोलला, तर माझ्या अंगावर काटा आला. वळखलं म्या. हे खरं हाय. तेच हाय, जे माझ्याकडं यायचं. मला वाटलं, घडीभर माझ्या ओसरीवर बसंल, माझ्या ताटात जेवंल, तर मला बी परत ऐकू येईल. बास, एवढंच. त्याचं वाईट करायचं माझ्या सपनात बी न्हवतं.

सिद्धम्मा : आन् त्यानं मानलं.

गुरुलिंग : लगीच. हसला. म्हनला, बरं झालं, लई तहान लागली व्हती.

सिद्धम्मा : तसाच व्हता तो मेला! पांढऱ्या दाढीचं कुणी काय बी सांगितलं की मान डोलवायचा. अरे, तुझ्या देवानं तुला सांगितलं व्हतं ना, मग दुसऱ्याच्या देवाचं कशाला ऐकलंस? मला तीन दिस सांगत व्हता, सिद्धे, मला असं असं ऐकू येतंय. म्या हसले त्याला. मिठाचा वाणी तू, तुला देव काय सांगणार. माझं ऐकलं न्हाय, आन् ह्यांचं ऐकलं.

बलभीम : अक्का, हे आमच्या पुस्तकात आहे.

सिद्धम्मा : काय?

बलभीम : हेच. मिशनच्या शाळेत शिकलो मी. फार जुनी गोष्ट, यहुदी लोकांच्या मुलखातली. त्यांच्या राजानं देवाचं ऐकायचं सोडलं आणि आपल्या सोयीची वेदी बांधली. देवानं दुसऱ्या मुलखातून एक माणूस धाडला. संदेष्टा म्हणतो आम्ही. तो वेदीपुढं उभा राहून म्हणाला, ही फुटणार. राजा म्हणाला, घरी चल, जेव. तो म्हणाला, मला हुकूम आहे. इथं खायचं नाही, प्यायचं नाही, आल्या वाटेनं जायचं नाही.

सिद्धम्मा : शिवा शिवा. हे तर ह्याचंच.

बलभीम : त्या गावात एक म्हातारा संदेष्टा होता. त्यानं त्याला झाडाखाली गाठलं. खोटं सांगून घरी नेलं.

गुरुलिंग : कशापायी? का खोटं बोलला त्यो?

बलभीम : ते लिहिलेलं नाही. खोटं बोलला, एवढंच आहे. मग दोघं जेवायला बसले, आणि जेवताजेवता खरा बोल आला. त्या म्हाताऱ्याच्याच तोंडी.

गुरुलिंग : काय म्हनलास?

बलभीम : जो खोटं बोलला त्याच्याच तोंडी देव खरं बोलला. तू हुकूम मोडलास, आता तुझं प्रेत तुझ्या वाडवडिलांच्या मातीत जाणार नाही, असं.

गुरुलिंग : आन् त्यो म्हातारा... त्यानं सांगितलं? त्याच्या तोंडावर?

बलभीम : सांगितलं. ओरडून सांगितलं. आप्पा, काय झालं? एकदम उठलात का?

गुरुलिंग : बलभीमा, तुझं पुस्तक कुणी लिवलं रे? त्याला कुणी सांगितलं माझ्या ओसरीवरचं?

सिद्धम्मा : आप्पा?

गुरुलिंग : मला आला. मला बी आला गं! त्याचा दुसरा घास तोंडात व्हता. भाकर, वरण, वांग्याची भाजी. आन् माझ्या कानात नऊ वर्सांनी परत. तसाच. माझी मान ताठ झाली, तोंडाला कोरड पडली. ह्यानं मोडलंय, ह्याला खिंडीतनं जाऊ दिलंस तर हा घरी पोचायचा न्हाय. इतकं साफ कवाच ऐकू आलं न्हवतं.

सिद्धम्मा : मग?

गुरुलिंग : म्या त्याला भाजी वाढली.

सिद्धम्मा : सांगितलं न्हाय?

गुरुलिंग : कसं सांगू? सांगायचं म्हंजे पयलं सांगाया लागतंय की मगाचं खोटं व्हतं. सून दारात उभी, बसवराज पंगतीला. म्या गिळलं. घास गिळावा तसं गिळलं. त्यो उठला, हात धुतले, म्हनला, आप्पा, तुमच्या घरचं अन्न गोड लागलं. खिंडीच्या वाटेनं जाऊ का, जवळ पडती? म्या म्हणलं, जावा. जावा म्हणलं म्या! त्या एका वक्ताला, ऱ्हावा आज इथं, एवढं म्हणलं असतं तरी त्यो आज जित्ता असता!

बलभीम : अक्का, बसा. खाली बसा. पाणी आणू का ओढ्यातनं?

सिद्धम्मा : नको. मास्तर, तुमच्या गोष्टीत पुढं काय होतंय?

बलभीम : राहू द्या आता.

सिद्धम्मा : न्हाय, सांगा. ह्यांना बी ऐकू द्या.

बलभीम : वाटेत त्या माणसाला सिंहानं मारलं.

गुरुलिंग : त्याला? म्हाताऱ्याला न्हाय?

बलभीम : नाही. ज्यानं विश्वास ठेवला त्याला.

गुरुलिंग : का? अरे, खोटं कोण बोललं? पाप कुणाचं? महादेवाच्या गळ्यातला नाग खिंडीत जाऊन बसला, म्या हितं चिंचेखाली एकवीस दिस बसलोय. बिळात हात घातले रे म्या, खरं सांगतो. ह्या बांधावरच्या प्रत्येक बिळात. एक बी भाईर आला न्हाय. मला का न्हाय?

बलभीम : हेच मी पाद्री साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, ज्याला हुकूम स्वतःला मिळालाय त्यानं दुसऱ्याच्या सांगण्यावरून तो मोडू नये. मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

गुरुलिंग : आन् त्या म्हाताऱ्याचं काय झालं?

बलभीम : काही नाही. त्यानं प्रेत आणलं, आपल्याच कबरीत ठेवलं, रडला. मुलांना म्हणाला, मी मेलो की माझी हाडं याच्या हाडांशेजारी ठेवा. पुष्कळ पिढ्यांनी दुसऱ्या एका राजानं ती वेदी खरोखरच फोडली. तेव्हा तिथल्या कबरी उकरून हाडं जाळली. ही एक तेवढी सोडली. त्या माणसामुळं म्हाताऱ्याचीही हाडं वाचली.

गुरुलिंग : वाचली? खरं म्हनतोस? माय, ऐकलंस? म्या बी बसवराजला हेच सांगितलंय, मला ह्यांच्या बाजूला बसवा. तू फकस्त व्हय म्हण. तुझ्या पाया पडतो. म्हाताऱ्याला दुसरं काय नको. ह्यांच्या शेजारी एवढी जागा दे.

सिद्धम्मा : न्हाय.

गुरुलिंग : माय...

सिद्धम्मा : पाय सोडा. तुमचं शेत, तुमची माती, तुमाला कोण अडवणार? पर मला इचारताय तर न्हाय. त्याच्या हाडामागं लपू देणार न्हाय म्या तुमाला. मेल्यावर शेजारी बसून काय करणार? त्याच्याशी बोलणार? बोलायचं त्या वक्ताला भाजी वाढलीत.

गुरुलिंग : मग काय करू? तूच सांग. जीव देऊ?

सिद्धम्मा : जीव देऊन मला काय उपयोग? आज सोमवार. उन्हं कलली की तुमचं गाव सिद्धलिंगाच्या मंडपात बसतंय ना? तिथं जावा. पाटील असंल, शांतलिंगय्या असतील. बोला. शरणप्पानं नेम मोडला न्हाय, म्या मोडवला. खोटं बोलून.

गुरुलिंग : समद्यांपुढं?

सिद्धम्मा : समद्यांपुढं.

गुरुलिंग : मग नऊ जत्रांचं बी सांगावं लागंल. पाच पिढ्यांचा मान हाय गं आमच्या घराला. बसवराजनं पुढं भाकणुकीला उभं ऱ्हायचं हाय. सुनेला दिस गेलेत. उद्या पोराचं बारसं कोण जेवंल आमच्या घरी?

सिद्धम्मा : माझ्या घरी कोण येतंय आज? म्या तरी जितीच हाय ना? तुमच्या पाच पिढ्या म्या मागत न्हाय. एक बोल मागते. तो तुमच्या पोटात एकवीस दिस पडलाय, तो माझा हाय. माझ्या माणसाचा.

बलभीम : आप्पा, मी खोटी आशा दाखवणार नाही. कदाचित कुणी ऐकणार नाही. बारव उघडणार नाही.

गुरुलिंग : मग कशाला जाऊ रे?

बलभीम : त्या दिवशी गाव ऐकेल की नाही, हे शरणप्पांना कुठं ठाऊक होतं? तरी आले की ते.

सिद्धम्मा : हे गाठोडं घिऊन जावा. गाठ सोडू नका. स्वामींना दाखवा. म्या हितंच बसते, त्याच्यापाशी.

(गुरुलिंग आप्पा वेशीतून आत जातात. चिंचेची सावली समाधीवरून सरकून बांधापर्यंत लांबते. मग ते परत येतात, एका हातात गाठोडं, दुसऱ्या हातात तांब्या.)

बलभीम : आले. अक्का, आप्पा आले.

सिद्धम्मा : बोललात?

गुरुलिंग : बोललो.

सिद्धम्मा : समदं?

गुरुलिंग : समदं. नऊ जत्रांचं बी. भाजीचं बी. खांबाला धरून बोललो.

बलभीम : पाटील काय म्हणाले?

गुरुलिंग : हसले. म्हनले, नऊ वर्सं खोटं बोलल्याचं तूच सांगतोस, मग आजचं खरं कशावरनं? लोक बी हसले. म्या म्हणलं, बारव खरंच आटंल, म्या सोता ऐकलंय. तर आणखीन हसले. खोटं बोलत व्हतो तवा पाया पडत व्हते रे, बलभीमा. आज पयल्यांदा खरं बोललो, तर कुणी मानंना. माझा बसवराज उठून गेला. माझ्याकडं बघितलं बी न्हाय त्यानं.

बलभीम : म्हणजे कुलूप तसंच.

गुरुलिंग : तसंच. तुमच्यासाठी काय बी झालं न्हाय. माफ कर.

सिद्धम्मा : आन् स्वामी?

गुरुलिंग : ते हसले न्हाईत. फकस्त म्हनले, गाठोडं दाव. गाठ बघितली, भाकरी हलवून बघितली कानापाशी. मग म्हनले, त्याच्या बायकोला सांग, उद्या दिस उगवताना येतो. पाय देतो.

सिद्धम्मा : येतो म्हनले?

गुरुलिंग : पाटलांच्या तोंडावर म्हनले.

सिद्धम्मा : ऐकलंस का रे, मिठाच्या वाण्या? उद्या येणार हायत तुझ्यासाठी. द्या ते गाठोडं. उद्या सोडीन म्या, त्याच्यापुढं ठिवून. अय्यो... रडू द्या मला, मास्तर, काय बोलू नका. एकवीस दिस रडले न्हवते.

बलभीम : आप्पा, हा तांब्या कसला?

गुरुलिंग : घरी गेलो व्हतो. सून बारवेवरनं माघारी आली व्हती, रिकामी घागर घिऊन. कवाडावर तिला अडवलं. पाटलांचा निरोप, गुरुलिंगाच्या घरचं भांडं आता आत जायचं न्हाय. रडली न्हाय पोर. हा तांब्या माझ्या हातात दिला आन् म्हनली, मामंजी, घरात थेंब न्हाय, तुमी कुठनं तरी आणा.

बलभीम : आणि तुम्ही इकडं आलात.

गुरुलिंग : दुसरीकडं कुठं जाऊ? पर मागू कसं? मला मागायला तोंड न्हाय, बलभीमा. तुमच्या बायका घागरी घिऊन उभ्या असायच्या, म्या त्याच वाटेनं देवळात जायचो. एक दिस बी थांबलो न्हाय.

सिद्धम्मा : आज एवढं बोललात, मग एवढंच ऱ्हायलंय व्हय?

गुरुलिंग : ...पाणी दे, बाबा. सुनेसाठी दे. पोटुशी हाय ती.

बलभीम : चला. उतरताना दगड सांभाळा. खाली दोन बायका आधीपासून बसल्यात, त्यांच्या मागं बसा. झिरा हळू भरतो, आप्पा.